ज्यांनी आपल्यासाठी धावपळ केली त्यांचीच तक्रार करायची?

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कोणाच्या जावेने मांजर दिवसरात्र पिंजऱ्यात ठेवलंय, कोणाच्या मित्राच्या शेतावर म्हातारा बैल जखम घेऊन तसाच उभा आहे, आणि शेवटी वाक्य एकच असतं, "मॅडम, ओळखीतलेच आहेत हो, कोणाला सांगू की नको?"

मागच्या वर्षी मार्च संपता संपता एक ताई आल्या. (त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.) शाळेत शिकवतात, झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पेपर तपासणं, सासूबाईंचे गुडघे, मुलाचे क्लास असं चाललं होतं आणि मग मधेच थांबून म्हणाल्या, शेजारच्या गच्चीवर एक लॅब्रॅडॉर बांधलेला आहे. आणि रडायलाच लागल्या.

टिनाच्या शेडखाली, दोन हाताच्या साखळीवर. पाण्याचं घमेलं अकरा वाजताच कोरडं. कानात गोचिडी, पाठीवर केस गेलेले, नखं इतकी वाढलेली की पाय वाकडा टाकतो. खाली कोणी आणतच नाही. ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढलाय त्यांना टिनाखालची दुपार काय असते ते सांगायला नको, आपण कुलरसमोरून हलत नाही आणि कुत्र्याला तर आपल्यासारखा घामही येत नाही, धापा टाकूनच जेवढं अंग थंड होईल तेवढंच.

मग तक्रार का नाही केली? कारण कुत्र्याचे मालक, शेजारचे ते काकाजी. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात बेड मिळत नव्हते तेव्हा ताईंच्या बाबांना रात्री दोन वाजता स्वतःच्या गाडीत घालून तीन हॉस्पिटल फिरले होते ते, स्वतःला लागण होईल याचा विचार न करता. बाबा वाचले नाहीत. पण दरवर्षी पितृपक्षात बाबांच्या तिथीला काकाजी जेवायला येतात. अशा माणसाच्या दारात मी पोलीस कसे उभे करू, असं त्यांचं म्हणणं. मलाही त्याचं पटकन उत्तर देता आलं नाही.

मी त्यांना विचारलं, तुम्ही सध्या काय करता? त्या म्हणाल्या, आमच्या गच्चीवरून रोज रात्री दोन पोळ्या टाकते आणि पाइपने घमेल्यात पाणी सोडते, कोणाला न कळता. सहा महिने! हे मी खूप जणांत बघते आणि यात वाईट काहीच नाही, त्या पोळ्यांवरच तो कुत्रा जगला असेल. पण गुपचूप केलेल्या मदतीचं एक होतं, तिच्यामुळे सगळ्यांचं चालून जातं, मालकाला वाटतं कुत्रा ठीक आहे, गल्लीला वाटतं कोणीतरी बघतंय, आणि आपल्याला वाटतं आपण काहीतरी करतोय, फक्त रात्री झोप येत नाही.

मग मी दुसरं विचारलं, काकाजींच्या घरात आत शेवटचं कधी गेला होतात? त्या गप्प झाल्या. काकू वारल्या तेव्हा, म्हणजे दीड वर्षापूर्वी. मुलगा कॅनडात.

हे मी मुद्दाम विचारते. जनावराची आबाळ दरवेळी निर्दयपणातून होत नाही, पुष्कळदा त्या घरातला माणूसच कोलमडलेला असतो, नैराश्य, दारू, म्हातारपण, विसरभोळेपणा, पैशाची ओढाताण, आणि कुत्र्याची अवस्था गच्चीवरून दिसते एवढंच, माणसाची दिसत नाही. म्हणून जनावर आजच्या आज धोक्यात नसेल आणि समोरचा माणूस आपल्याला इजा करणारा नसेल तर आधी जाऊन बोला असं मी सांगते. पण बोलायचं तर तारीख ठरवून. म्हणजे आपल्या मनाशी पक्कं, की अमुक तारखेपर्यंत फरक दिसला नाही तर पुढचं पाऊल. तारीख नसेल तर ते बोलणंही पोळ्यांसारखंच होतं, बघा.

ताई डब्यात पुरणपोळी घेऊन गेल्या. घरात पडदे ओढलेले, ओट्यावर भांडी, काकाजींची दाढी वाढलेली. शेरूचा, म्हणजे त्या कुत्र्याचा विषय काढला तर आधी चिडले, आमच्या घरचं आम्ही पाहू म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो काकूंचा होता बेटा. गेटकडे तोंड करून अजून तिची वाट पाहून राहिला. मला नाही पाहवत, म्हणून वर बांधला."

ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी जरा वेळ काहीच बोललो नाही.

ठरलं असं, की ताईंचे मिस्टर शेरूला डॉक्टरकडे नेतील, एक मुलगा सकाळी फिरवायला येईल, आणि दुपारी शेरू खालच्या पोर्चमध्ये राहील. काकाजी हो म्हणाले. पंधरा एप्रिल ही ताईंची तारीख. पहिला आठवडा छान गेला, गोचिडीचं औषध झालं, नखं कापली. मग काकाजींनी त्या मुलाला येऊ नको सांगितलं, फोन उचलणं बंद केलं आणि शेरू परत टिनाखाली. चौदा तारखेला दुपारी ताईंनी गच्चीवरून हाक मारली तर तो उठलाच नाही, नुसतं शेपूट हललं.

त्यांचा फोन आला, "मॅडम, पण ते दुःखात आहेत हो." मी म्हटलं, आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण वेगळं काहीतरी करू, पण कारण कळलं म्हणून त्या कुत्र्याची तहान कमी होत नाही. उद्याची वाट बघू नका. एवढं स्पष्ट मी एरवी क्लायंटला सांगत नाही, निर्णय त्यांचा असतो. पण जीव जात असेल तिथे तटस्थ बसणं मला जमत नाही आणि जमूही नये असं वाटतं.

कायद्याचं थोडं सांगते कारण लोक तिथेच घाबरतात. १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये मारहाणच नाही तर पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हेही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! हा आकडा ऐकून लोक म्हणतात मग उपयोग काय, मी उलट सांगते, तुमच्या तक्रारीने काकाजी तुरुंगात जाणार आहेत ही भीती आधी काढून टाका. आबाळीचा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, ते एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद लिहून घेतात. तक्रार पोलीस स्टेशनला किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे करता येते. खटला मात्र घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून फोटो काढा, आपल्याच गच्चीवरून, तारखेसकट. कोणाच्या घरात घुसू नका, कुलूप तोडू नका. आणि ते फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे माणसाची बदनामी होते आणि जनावर तिथेच राहतं. १९६२ हा टोल फ्री नंबर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, तो उपचारासाठी, तक्रारीसाठी नाही.

ताईंनी त्याच संध्याकाळी लेखी तक्रार दिली, स्वतःच्या नावाने. निनावी करू का असं विचारत होत्या, मी म्हटलं भीती वाटत असेल तर जरूर करा, त्यात कमीपणा नाही. त्या म्हणाल्या नको, काकाजींना दुसऱ्या कोणावर संशय यायला नको. एक पोलीस आणि प्राणीमित्र संस्थेची दोन मुलं आली. काकाजी काही बोलले नाहीत, शेरूचा ताबा सोडत असल्याच्या कागदावर सही केली आणि काकूंनी घेतलेला त्याचा पट्टा सोबत दिला. मुलाचा कॅनडाहून फोन आला, तो मात्र ताईंना नको नको ते बोलला. त्यावर आमची दोन सेशन गेली. त्याच मुलाने पुढे महिनाभराने वडिलांना डॉक्टरांकडे न्यायची व्यवस्था केली, काकाजींच्या गोळ्या सुरू आहेत एवढं ताईंना गल्लीतून कळलं.

शेरू आता गावाबाहेर एका कुटुंबाकडे आहे, आठ किलो वजन वाढलंय. ताईंना झोप लागते.

काकाजी त्यांच्याशी बोलत नाहीत. या वर्षी बाबांच्या तिथीला ताईंनी त्यांचं ताट वाढून ठेवलं होतं, ते आले नाहीत, मग संध्याकाळी ताईंनी डबा भरून त्यांच्या गेटला अडकवला. सकाळी डबा धुऊन परत गेटला लावलेला होता.