मठातल्या हत्तिणीला रोज काय आणि किती खायला द्यावं?

तुमच्या गावच्या मठात हत्तीण आहे, भाविक केळी-गूळ-नारळ देतात ते चालतं का, आणि तिला रोज किती चारा लागतो, असं विचारलंय. हिरवा चारा १५० ते २०० किलो, पाणी दीडशे लिटर धरून चाला. गूळ-केळी थोडी, आणि भाविकाच्या नव्हे, माहुताच्या हातून. माणसाचा क्षयरोग हत्तीला होतो. पण तुम्ही तोंडाकडून सुरुवात केलीत. हत्तीची सुरुवात पायाकडून करायची असते.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. १९९७ च्या पावसाळ्यात एका देवस्थानाचा माहूत सायकल मारत आला. "साहेब, आमची लक्ष्मी आठ दिवस आडवी झाली नाही." लंगडते किंवा खात नाही, असं काही म्हणाला नाही. खात तर होतीच. हत्ती रात्री थोडा वेळ तरी कुशीवर पडून झोपतो. पण उठताना दुखणार हे कळलं की तो पडायचंच टाळतो, उभ्यानं रात्र काढतो. मी गेलो तेव्हा शेडच्या भिंतीवरचा चुना तिच्या खांद्याच्या उंचीला घासून गुळगुळीत झाला होता.

पुढच्या डाव्या पायाच्या नखाला उभी भेग, वर सूज, दाबलं की पू. तळवा जाड झालेला आणि कडेला कुजलेला. कारण पायाखालीच होतं. आधी ती चिंचेखाली मातीत बांधलेली असायची. दोन वर्षांपूर्वी एका देणगीदाराने पक्की शेड बांधून दिली आणि खाली सिमेंटचा कोबा घातला. तीन टनांचं जनावर त्यावर दिवसातले वीस तास साखळीला. रानात हत्ती चालत राहतो, नखं आणि तळवा आपसूक झिजतात. बांधलेल्या हत्तीचा तळवा नुसता वाढतो, त्याला भेगा पडतात, भेगांत त्याचंच मूत मुरतं.

मी गुराढोरांचा डॉक्टर. एसटीडी बूथवरून केरळातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केलं. पोटॅशियम परमँगनेटच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचा, कुजलेला भाग एका वेळी थोडाच तासायचा, मग पोव्हिडोन आयोडीन. माहुताने तिला ओंडक्यावर पाय ठेवायला आठवड्यात शिकवलं, अंकुश न उगारता, उसाच्या कांड्यांवर. हे चार महिने चाललं. एका पहाटे तो माझ्या दारात उभा, डोळ्यांत पाणी. "झोपली साहेब! कुशीवर झोपली, घोरत होती."

त्याच दिवशी मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, कोबा उकरा, सहा ट्रॉल्या गाळमाती टाका, सकाळ-संध्याकाळ तिला घाटापर्यंत चालवा. ते म्हणाले, "डॉक्टर, देणगीदाराच्या नावाची पाटी लागलीय, उकरायचं कसं? आणि तिला खायला काय कमी करतोय आम्ही?"

पुढच्या पावसाळ्यात पू परत आला. तिसऱ्या वर्षी हाडापर्यंत गेला. ती गेली त्या दिवशी शेडमध्ये उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ढीगभर तसंच पडून होतं.

जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला वनतारा या प्राणी-संगोपन केंद्रात नेलं, तेव्हा आमच्याकडे घराघरांत वाद झाले, माझ्याही घरात झाले. ती हत्तीण मी तपासलेली नाही, तेव्हा त्या मठाबद्दल मी बोलणार नाही. रडणाऱ्या लोकांचं प्रेमही खोटं म्हणणार नाही. पण माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे : देवळात, मठात, मिरवणुकीत हत्ती नकोच. हत्तीण आयुष्यभर आई, मावश्या, बहिणींच्या कळपात राहणारी. तिला एकटीला साखळीला बांधून वर केळी भरवायची, याला मी सेवा म्हणत नाही. देवाचा हत्ती हवा असेल तर लाकडाचा करा, रथाला जोडा.

चाऱ्याचं अर्धवट राहिलं. आपल्याकडे वाडं फुकट मिळतं म्हणून तेच घालतात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं, म्हणून नुसत्या वाड्यावर ठेवू नका. वड, उंबर, पिंपळाच्या फांद्या द्या, साल सोलत बसण्यात तिचा वेळही जातो. गोडधोडाने वजन चढलं की तो भार शेवटी त्याच पायांवर येतो.

सगळीच देवस्थानं अशी नसतात, हेही खरं. काही ठिकाणी पिढीजात माहूत असतो, रोज नदीवर नेतात, पाय घासतात. तुमचं तसं असेल तर चांगलंच. माहुताला विश्वासात घ्या, त्याला सगळं माहीत असतं, विचारत कोणी नाही. रात्री दोन-अडीचला ती आडवी होते का, ते त्यालाच विचारा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना बहुधा चार-चार नखं असतात, एकेक नीट पाहा. भेग किंवा पू दिसला तर स्वतः चाकू लावू नका. वनविभागाला कळवा आणि हत्ती हाताळलेला डॉक्टर बोलवा.

आणि शेडमध्ये खाली माती आहे की कोबा, तेवढं मला आधी लिहा.