मशीन घेण्याआधी कपाट उघडा

प्रश्न: मी मिरजेला राहते. अडीच वर्षांपासून घरातूनच टी-शर्ट छापून देते. गणेश मंडळं, गोविंदा पथकं, कॉलेजचे ग्रुप, एखादा क्लास असे गिऱ्हाईक आहेत. गेल्या वर्षभरात २,६४० नग गेले, सरासरी २८० रुपयांना. कोरा टी-शर्ट सांगलीच्या डीलरकडून १३५ रुपयांना घेते, तो तिसऱ्या दिवशी माल देतो. डीटीएफचा (डिझाइन आधी फिल्मवर छापायची, मग पावडर लावून गरम दाबाने कापडावर उतरवायची) रोल कोल्हापूरहून मीटरला १९० रुपयांनी छापून आणते आणि घरच्या हीटप्रेसवर लावते. आता २४ इंची डीटीएफ मशीन घ्यायचं मनात आहे. कोटेशन ४ लाख ६० हजार, वर जीएसटी. त्यासाठी २ लाखांची एफडी मोडायची आणि साडेतीन लाखांचं कर्ज काढायचं. सोबत तिरुपूरहून एकदम १,५०० नग मागवले तर ११२ रुपयांना पडतात. मिस्टरांचा पगार ३४ हजार, घराचा हप्ता साडेनऊ हजार. हल्ली अथणीहूनही विचारणा येते. करू का हे सगळं?

उत्तर: ताई, बिलांचे फोटो आणि वहीची पानं जोडलीत ते फार बरं केलंत. नुसतं ‘मशीन घेऊ का’ एवढंच विचारलं असतंत, तर मीही काहीतरी मोघम लिहून मोकळा झालो असतो. वही समोर आहे म्हणून स्पष्ट लिहितो: मशीन आत्ता नको. तिरुपूरचे १,५०० नग तर मुळीच नकोत.

आधी हप्ता बघू. साडेतीन लाख, १२ टक्के, तीन वर्षं म्हणजे महिन्याला ११,६२५ रुपये. आता वहीतली कोल्हापूरची बेरीज: वर्षाला ५८८ मीटर, १,११,७२० रुपये. महिन्याला ९,३१०. म्हणजे छपाईवर आज तुमचे जेवढे जातात, त्याहून नुसता हप्ताच २,३०० रुपयांनी जास्त. शाई, फिल्म, पावडर सगळं कुणी फुकट आणून दिलं तरीही.

ते फुकट मिळत नाहीच. मशीनवाल्याने तुम्हाला मीटरमागे ७५ रुपये खर्च लिहून दिलाय. तो खरा धरला तर मीटरला ११५ रुपये वाचतात. समोर हप्ता, एफडीचं बुडणारं व्याज, वीज आणि देखभाल मिळून महिन्याला सोळा हजारांच्या वर जातात. ते भरून निघायला महिन्याला १४० मीटर काम हवं. तुमचं आहे ४९.

‘मशीन आलं की बाहेरच्यांची कामंही घेईन,’ असं तुम्ही लिहिलंय. घ्याल हो. पण मग तुम्ही टी-शर्टवाल्या राहणार नाही, छपाईवाल्या व्हाल, आणि आज ज्याच्याकडून रोल आणता त्या कोल्हापूरच्या माणसाशीच दरात झुंजाल. त्याचं मशीन रोज चालतं, आणि डीटीएफमध्ये रोज चालण्यालाच किंमत आहे. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, मशीन बंद राहिलं की खाली बसतं आणि शाई सोडणाऱ्या हेडमध्ये अडकतं. तुमच्या वहीत मे-जूनला महिन्याला सत्तर-ऐंशी नग आहेत. म्हणजे आठवड्यातले चार दिवस मशीन नुसतं जपायचं, त्याच्यासाठी शाई वाया घालवून हेड साफ करायचं. बरं, तुमचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. ऐन पावसाळ्यात दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात, म्हणजे खोली कोरडी ठेवायचा खर्च वेगळा. हेड वॉरंटीत येतं का आणि नवं केवढ्याला, हे कोटेशनमध्ये लिहून मागा. उत्तर ऐकून तुमचा अर्धा उत्साह तिथेच उतरेल असं मला वाटतं.

जीएसटीचंही बघा. ४ लाख ६० हजारांवर १८ टक्के म्हणजे ८२,८०० रुपये. तुमची नोंदणी नाही, त्यामुळे हे पैसे गेले. उद्या नोंदणी घेतलीत तरी तुमच्या मालावर कर ५ टक्केच, आणि कोऱ्या टी-शर्टवर भरलेला त्यातून वजा होणार. एवढं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, वापरून संपायला आजच्या धंद्यात चार वर्षंही पुरणार नाहीत.

पत्रात तुम्ही लिहिलेल्या, सबसिडी मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाबद्दल थोडक्यात. पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं) अनुदान मुळात नव्या उद्योगासाठी असतं, तुमचा धंदा अडीच वर्षं चालू आहे. शिवाय ते हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. कर्ज लागलंच तर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत मुद्राचा ‘किशोर’ गट आहे, त्याला तारण लागत नाही आणि एजंटही लागत नाही.

आता कपाट. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की घरात ६४० कोरे नग पडून आहेत, आणि त्यातले १९० आठ महिन्यांपासून हललेले नाहीत. मला सगळ्या पत्रात हीच ओळ महत्त्वाची वाटली. ६४० गुणिले १३५ म्हणजे ८६,४०० रुपये. त्यात मंडळांकडची ९४ हजारांची उधारी मिळवा. एक लाख ऐंशी हजार रुपये तुमचेच आहेत, फक्त ते मोहरी आणि मरून रंगाच्या एस साइजमध्ये आणि कुणाच्या तरी ‘दादा देतील’मध्ये बसलेत. आणि तुम्ही साडेतीन लाखांचं कर्ज काढायला निघालात!

तिरुपूरच्या भावात गंमत अशी आहे. २३ रुपये स्वस्त म्हणजे १,५०० नगांवर साडेचौतीस हजार, ट्रान्सपोर्ट वजा जाता समजा अठ्ठावीस. आकडा गोड आहे. पण तिथून माल सेटमध्ये येतो. तुम्हाला दिलेला सेट आहे एस-एम-एल-एक्सएल, १:२:२:१. पाच रंग, प्रत्येकी ३००. म्हणजे एस साइजचे २५० नग. तुमच्या वहीप्रमाणे १०० नगांत एस जातात ७, एम २४, एल ३३, एक्सएल २५ आणि डबल एक्सएल ११. या हिशोबाने एसचे २५० संपायला सोळा महिने लागतील आणि एक्सएलचे २५० पाच महिन्यांच्या आत संपतील. डबल एक्सएल तर सेटमध्ये नाहीच, ते पुन्हा सांगलीहून १३५ ने. वाचलेले अठ्ठावीस हजार असे कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसतात.

त्यात रंगाचा लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेला माल. काळा म्हणजे काळाच असं आपल्याला वाटतं, पण दोन लॉटमधले काळे शेजारी उभे केले की फोटोत लगेच दिसतात. भगव्याचं तर विचारूच नका. तो जरा नारिंगीकडे झुकला की मंडळाचा अध्यक्ष पहिला नग उलगडतानाच म्हणतो, ‘हा आपला न्हवं.’ असा परत आलेला ८० नगांचा गठ्ठा माझ्या एका गिऱ्हाइकाने दोन वर्षं सांभाळला, शेवटी पुसायच्या फडक्यांच्या भावात काढला. जो रंग गिऱ्हाईक डोळ्यांनी तपासतं तो आधी आणून ठेवायचाच नाही. नमुना दाखवायचा, होकार घ्यायचा, आगाऊ घ्यायची, मग डीलरला फोन.

तुमचा डीलर तिसऱ्या दिवशी माल देतो ही चैन आहे, तिचा फायदा घ्या. घरात फक्त काळा, नेव्ही आणि पांढरा, तेही एम, एल, एक्सएल. दीडशे नग पुष्कळ झाले. पांढरा त्यातही कमी, कारण ठेवून पिवळा पडतो. हंगामापुरती जुलैअखेर चारशेपर्यंत वाढवा. बाकी सगळं ऑर्डरवर. आणि डीलरला एकदा विचारून बघा, रोखीत १२८ ला देतो का. सात रुपये सुटले तर वर्षाला साडेअठरा हजार होतात, तेही एक जादा नग घरात न आणता. पडलेले १९० मात्र या दोन महिन्यांत काढा. एखाद्या क्लासच्या, शाळेच्या सहलीच्या पोरांना कोरेच १५० ला द्या. १२० ला गेले तरी जाऊ द्या.

उधारीचं सांगतो. तुमचा नग २८०, त्यात १३५ कापडाचे आणि सरासरी ४२ छपाईचे. म्हणजे १७७ रुपये तुमच्या खिशातून आधीच गेलेले असतात. म्हणून आगाऊ ६५ टक्के, उरलेले गठ्ठा उचलताना. मंडळं कुरकुरतील. पण टी-शर्टच्या पाठीवर ज्याचं नाव छापायचंय, पैसे तोच देणार असतो. मिरजेत विसर्जनाला कमानी कुणाच्या नावाने उभ्या राहतात ते मी तुम्हाला काय सांगणार? कार्यकर्त्याच्या मागे लागू नका. डिझाइन मंजुरीला पाठवायचं ते थेट त्या प्रायोजकाला, सोबत आगाऊचा क्यूआर कोड.

आता छपाईचा खर्च खरंच कमी करायचा असेल तर मशीन न घेताही जागा आहे. तुम्ही पाठवलेल्या रोलच्या फोटोत पाठीची डिझाइन ए-थ्री आहे, २९.७ सेंटिमीटर रुंद. छपाईची रुंदी ५६. दोन शेजारी बसत नाहीत, म्हणून तुम्ही आडवी टाकता आणि मीटरला तीनच निघतात, क्वचित जरा जास्त. नगाला ५८ रुपये. तीच डिझाइन २७ सेंटिमीटर करा. दोन शेजारी बसतात आणि दहा मीटरच्या रोलवर ३३ ऐवजी ५२ निघतात. छातीवरचे छोटे लोगो आता कडेला मावत नाहीत, ते वेगळ्या ओळीत टाकायला लागतील. तो खर्च धरूनही नगामागे अठराएक रुपये वाचतात. अंगात घातल्यावर पावणेतीन सेंटिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि एकाच रंगातली पन्नासच्या वरची ऑर्डर असेल तर डीटीएफ कशाला? स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला द्या. एकदा स्क्रीन बनवायचा खर्च, मग नगाला किरकोळ. इचलकरंजी तुमच्यापासून जवळच आहे, दोघातिघांकडे दर काढा. गेल्या दहीहंडीला कोल्हापूरहून रोल चार दिवस उशिरा आला म्हणून तुम्ही मशीनवर आलात, हे पत्रात जाणवतं. तो राग खराच आहे, पण त्यावर इलाज साडेपाच लाखांचा नाही. दुसरा छपाईवाला जूनमध्येच धरून ठेवा, त्याला आधी दोन-चार छोटी कामं द्या, म्हणजे हंगामात तो तुम्हाला ओळखेल.

एफडीला हात लावू नका. पगारातून घराचा हप्ता गेल्यावर हातात साडेचोवीस हजार उरतात. कुणी आजारी पडलं, मिस्टरांची नोकरी दोन महिने डगमगली, तर ते २ लाखच आहेत.

माझं मत कधी बदलेल? मे-जूनसकट सलग सहा महिने तुमचं काम महिन्याला १२० मीटरच्या खाली आलं नाही आणि उधारी वीस हजारांच्या आत राहिली, तर पुन्हा लिहा. तेव्हा एफडी न मोडता पाच वर्षांच्या मुदतीने हिशोब मांडू.

अथणीच्या विचारणेला उत्तर देण्याआधी एक लक्षात घ्या. महाराष्ट्रात माल विकताना नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, तुम्ही साडेसात लाखांच्या आत आहात, म्हणून आजवर प्रश्न आला नाही. पण अथणी कर्नाटकात. मिरजेहून गठ्ठा तिकडे पाठवलात की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिला ही मर्यादा लागू होत नाही. पहिल्या नगापासून नोंदणी लागते. चाळीस नगांच्या एका ऑर्डरसाठी दरमहा-तिमाही विवरणपत्रांचं लचांड मागे लावून घ्यायचं का, की तिकडून वर्षाला चार-पाचशे नग खरंच येणार आहेत, हे त्या माणसाला आधी विचारा. मग सीएकडे जा.