प्रकल्पाचा खर्च कोणाच्या खिशातून? शिक्षक-पालकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या आठवीच्या वर्गात व्यापाऱ्यांची आणि यंत्रमाग कामगारांची मुले शेजारीशेजारी बसतात. प्रकल्पासाठी काहीजण थर्माकोलच्या देखण्या प्रतिकृती आणतात, तर काहीजण रिकाम्या हाताने येतात. गुण कसे द्यावेत? (शिक्षिका, वडगाव, बेळगाव)

उत्तर : गुणांचा विचार नंतर करू; आधी आपण घरून काय मागवतो ते पाहू या. विकत आणलेल्या प्रतिकृतीत बहुधा पालकांचा पैसा आणि थोरल्या भावंडांची मेहनत दिसते, मुलाला विषय किती कळला ते दिसत नाही. म्हणून प्रकल्प दोन तासिकांत वर्गातच करून घ्यावा, त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका, खोकी, माती आणि चिंध्या शाळेनेच जमवून ठेवाव्यात, आणि निम्मे गुण मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेल्या स्पष्टीकरणाला द्यावेत. गृहपाठ केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर रात्रपाळीला गेलेला असतो; फळ्यावरून उतरवून घेतलेला गृहपाठ मात्र सर्वांच्या वहीत सारखाच पोहोचतो.

प्रश्न : विडी कामगारांच्या मुली मागच्या बाकावर बसतात आणि विचारले तरी बोलत नाहीत. गटात बसवले, तर शिकवणीला जाणारी मुलेच सगळे उरकून टाकतात. (शिक्षक, निपाणी)

उत्तर : कर्नाटकात पहिली ते तिसरीला नली-कली पद्धतीत मूल आपल्या गतीने शिडीची एकेक पायरी चढते आणि जिथवर पोहोचले असेल त्या गटात बसते. चौथीपासून सगळे एकाच पानावर येतात आणि मागे राहिलेले मूल गप्प राहायला शिकते. तेव्हा पहिला उपाय असा, की गटातली कामे नेमून द्यावीत आणि ती दर आठवड्याला फिरवावीत : एकाने वाचायचे, एकाने लिहायचे, तर उत्तर सांगायचे काम आजवर न बोललेल्या मुलीकडे.

दुसरा उपाय उदाहरणांचा आहे. पाठ्यपुस्तकातल्या बँकेच्या व्याजापेक्षा या मुलींना हजार विड्यांमागची मजुरी अधिक जवळची असते. पंचवीस विड्यांची एक जुडी धरली तर हजाराला किती जुड्या होतील, आणि शेकडा पाच विड्या छाट म्हणून बाद झाल्या तर मजुरी किती बुडेल, हे गणित घातले की मागच्या बाकावरचे हात वर येतात आणि शिकवणीवाल्यांना क्षणभर थांबावे लागते. मात्र ते संपूर्ण वर्गाला घालावे. ‘तुझी आई विड्या वळते ना, मग तू सांग’ असे म्हटले, की ज्या मुलीला पुढे आणायचे तीच मान खाली घालते. हे मी स्वतः एकदा करून बसलो आहे.

प्रश्न : फी थकली म्हणून माझ्या सहावीतल्या मुलीला वर्गात उभे केले. आता ती शाळेत जायला तयार नाही. (पालक, खानापूर)

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. थकबाकीचा विषय शाळा आणि पालक यांच्यातला असून त्यासाठी मुलीला चारचौघांत उभे करणे गैरच आहे. आधी मुख्याध्यापकांना भेटून, हप्ते पाडून मागून, झाला प्रकार लेखी द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही तर तीच प्रत घेऊन क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बीईओ ऑफिसात जावे. या भेटींना मुलीला सोबत नेऊ नये.