पाच ते अकरा वर्षांची मुलं घेऊन पहिला ट्रेक: कळसूबाई की लोहगड?

ताई, दोन कुटुंबं, पाच, आठ आणि अकरा वर्षांची मुलं, आणि ग्रुपमधलं कोणीतरी म्हणतंय कळसूबाईच करू. तर माझं स्पष्ट मत, कळसूबाई आत्ता नको. १६४६ मीटरचं शिखर, वर त्या लोखंडी शिड्या, पाच वर्षांचं पोर निम्म्यात "उचलून घे" म्हणणार आणि मग शिडीवर ते कोणी उचलायचं? पुढे दोन-तीन वर्षांनी कराच, पण पहिल्यांदा लोणावळ्याजवळचा लोहगड करा.

पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. मळवली स्टेशनवरून भाजे मार्गे चालत जाणंही मस्त आहे, पण लहान मुलं आधी त्या डांबरी चढावरच दमतात आणि गड सुरू होईपर्यंत मूड गेलेला असतो, त्यामुळे स्टेशनवरून सरळ जीप किंवा रिक्षा ठरवा. भाजे लेणी उतरताना दम उरला तर बघा, नाहीतर पुढच्या वेळी.

वाडीपासून वर पायऱ्याच आहेत आणि मुलांसाठी खरी गंमत दरवाज्यांची. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा, असे एकामागून एक चार येतात, मधली वाट नागमोडी. "अजून किती?" ला "अजून दोन दरवाजे" हे उत्तर जेवढं चालतं तेवढं "आलंच आता" कधीच चालत नाही :) नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधलेला, तिथे भात-नाचणी साठवायचं भुयार आहे, आठ वर्षांचा तिथे नक्की रेंगाळेल, रेंगाळू द्या. महादरवाज्यातून मागे वळून खाली बघा, आपण चढून आलेली सगळी वळणं आणि बुरूज एका नजरेत दिसतात.

विंचूकाटा म्हणजे गडाची लांब चिंचोळी सोंड, साधारण दीड किलोमीटर लांब आणि रुंदी जेमतेम तीस मीटर. तिथे जायला मधे थोडं दगडातून उतरावं लागतं, दोन्ही बाजूला दरी. अकरावाला एका मोठ्या माणसाबरोबर जाऊ दे, पाचवाला वरूनच बघेल, त्याला तिथे बसवून पवना धरण आणि समोरचे तुंग-तिकोना किल्ले दाखवा. इथे "सगळे मिळून जाऊ" चा हट्ट नको. ग्रुपमध्ये एखादे काका असतातच ज्यांना सगळ्यांच्या आधी टोकाला पोचायचं असतं, अकरावाल्याला घेऊन जायची ड्युटी त्यांनाच द्या.

खरी कसोटी उतरताना. चढताना मुलं दमली की आपोआप थांबतात, उतरताना पळतात. पायऱ्या उंच आहेत, काही झिजलेल्या, म्हणून एक मोठा माणूस सगळ्यात पुढे आणि त्याला ओलांडायचं नाही हा नियम खालीच सांगून ठेवा. बूट नवे घालू नका, आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा, उतरताना बोटं पुढे आपटून अंगठा ठणकतो आणि मग रडारड.

जुलै-ऑगस्टचा शनिवार-रविवार पूर्ण टाळा. धुकं-धबधबे सुंदर असतात हो, पण पायऱ्यांवर शेवाळ आणि त्यात एवढी गर्दी की दरवाज्यात माणसं अडकून पडतात, लहान मूल घेऊन त्यात शिरण्यात काही अर्थ नाही. दिवाळीच्या आसपास ते जानेवारी बेस्ट, हिरवळही थोडी उरलेली असते. उन्हाळ्यात वर सावली फारशी नाही.

पाणी प्रत्येकाचं वेगळं, मुलांचंही त्यांच्याच पाठीवर. संत्री, गूळ-शेंगदाणे, चिक्की भरपूर घ्या पण खाऊची पिशवी हातात उघडी नको, माकडं हिसकावतात. अत्तर-डिओ मारून जाऊ नका, कड्यांना आग्या मोहोळ असू शकतं. जेवण वर नेऊ नका, वाडीत पिठलं-भाकरी मिळते, चढायच्या आधीच सांगून ठेवा म्हणजे उतरेपर्यंत गरम तयार.

लोकलने येणार असाल तर सकाळची लवकरचीच पकडा आणि परतीचं टाइमटेबल आधी बघा, पुणे-लोणावळा लाईनवर दुपारी मधे बराच वेळ गाडी नसते. आणि हो, तुम्ही पुण्याहून येणार की मुंबईहून? मुंबईहून असाल तर लोणावळ्यात गाडी बदलावी लागेल, तसं सांगा म्हणजे पुढचं बघू.