सीयूईटीत भाषेचा पेपर मराठीचा घ्यावा का?

ताई, तुमची लेक बारावीला आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मात्र मराठीच. तेव्हा सीयूईटीत, म्हणजे बारावीनंतर पदवीच्या प्रवेशासाठीच्या सामाईक परीक्षेत, भाषेचा पेपर मराठीचा घेतला तर मार्क हातचे, असं तुम्हाला वाटतंय. 2023 साली आम्हीही असंच धरून चाललो होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

हातचे मुळीच नाहीत. आम्ही राजेंद्रनगरचे, तीन पिढ्या इंदुरातच. माझी मुलगी आजीशी तास न् तास मराठीत बोलते. पण सरावाला बसली आणि समानार्थी शब्दांतच अडकली. ‘आपत्ती’ला तिने ‘हरकत’ निवडलं, ‘चेष्टा’ला ‘प्रयत्न’. तिचा तरी काय दोष? शाळेत, बाजारात, भंवरकुव्याच्या क्लासात कानावर हिंदीच पडते आणि हिंदीत हेच अर्थ बरोबर आहेत. असे शब्द आपल्या मुलांना फार फसवतात, कारण शंकाच येत नाही. खात्रीने चुकीचा पर्याय निवडला जातो. बरोबर उत्तराला 5, चुकलं की 1 वजा, म्हणजे अशा एकेका शब्दापायी 6 गुणांचा फरक.

मग आम्ही अशा शब्दांची एक वही केली. शिक्षा, संसार, प्रकृती, राग, अवकाश, अभिमान. हिंदीत ‘अभिमान’ बहुधा गर्वाच्या वाईट अर्थाने येतो, आपल्याकडे आईला लेकीचा अभिमान वाटतो. दोन महिन्यांत वही भरली, आणि खरं सांगते, त्या निमित्ताने मीही माझी भाषा नव्याने शिकले.

दुसरी अडचण वाचनाच्या वेगाची. हिंदी वाचायची सवय असली की देवनागरी येते असं आपण समजतो. पण हिंदीत ‘विद्यार्थियों के लिए भी’ सुटंसुटं असतं, मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच लांब शब्द. डोळा तिथे अडखळतो. पेपरात उतारे असतात आणि घड्याळ चालू असतं. 2023 साली 50 पैकी 40 प्रश्न सोडवायचे असत. 2025 पासून पन्नासही सक्तीचे झाले, वेळ 60 मिनिटं, गुण 250. रोज एक मराठी अग्रलेख मोठ्याने वाचायला लावा. महिन्याभरात फरक दिसतो.

म्हणून आधी घरीच मोजा. इंग्रजीचा एक आणि मराठीचा एक पेपर, दोन्ही घड्याळ लावून, वजा गुण धरून. एकदा नाही, तीन-चारदा. इंग्रजी सतत पुढे राहिली तर इंग्रजीच घ्या, त्यात मायबोलीचा अपमान नाही.

फॉर्म भरताना एक घोळ हमखास होतो. भाषेचा पेपर वेगळा आणि परीक्षेचं माध्यम वेगळं. मराठीचा पेपर घेतला म्हणून अर्थशास्त्र मराठीतून द्यावं लागत नाही. तिचं माध्यम इंग्रजीच ठेवा. भाषांतरात शंका निघाली तर तसाही इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात.

आणि हे सगळं करण्याआधी कॉलेजांची यादी समोर घ्या. दिल्ली विद्यापीठात पुष्कळ ऑनर्स अभ्यासक्रमांना 13 भाषांपैकी कोणतीही एक चालते, पण इंग्रजी ऑनर्सला इंग्रजीचाच पेपर हवा. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात 2022 पासून कित्येक अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटीवर होतात. तिथे कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, क्लासवाल्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आता जास्तीत जास्त पाच पेपर घेता येतात. तिचे विषय तीन असतील तर इंग्रजी आणि मराठी दोन्ही भरा. तीनच्या पुढच्या प्रत्येक पेपरला वेगळी फी पडते, पण ते पैसे वाया जात नाहीत. आम्ही दोन्ही भरले होते. शेवटी मराठीत जास्त आले, आणि त्याचं श्रेय मी त्या वहीलाच देते. लेकीला हवी असेल तर सांगा, पानांचे फोटो काढून पाठवते.