८३ आठवडे जिंकूनही डब्ल्यूसीडब्ल्यू बंद का पडली?

डब्ल्यूसीडब्ल्यू म्हणजे टेड टर्नरची अमेरिकन कुस्तीची कंपनी, टीव्ही रेटिंगमध्ये तिनं सलग ८३ आठवडे विन्स मॅकमहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफला (आत्ताची डब्ल्यूडब्ल्यूई) हरवलं. सगळे म्हणतात ती विन्सनं संपवली, पण माझं मत विचाराल तर निम्मं काम डब्ल्यूसीडब्ल्यूवाल्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं.

सप्टेंबर १९९५ मध्ये टेड टर्नरच्या टीएनटी चॅनेलवर डब्ल्यूसीडब्ल्यूचं नायट्रो सुरू झालं, मुद्दाम सोमवारीच, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रॉ या शोच्या टायमाला. पहिल्याच एपिसोडला पैलवान लेक्स लुगर चालत आला, जो आदल्या रात्री डब्ल्यूडब्ल्यूएफच्या शोमध्ये लढला होता, विन्सला पत्ताच नाही! मग तिकडचेच स्कॉट हॉल, केव्हिन नॅश आले, जुलै १९९६ ला हल्क होगन व्हिलन झाला आणि या तिघांच्या एनडब्ल्यूओ टोळीनं नुसता धुमाकूळ घातला. नायट्रो लाइव्ह आणि रॉ चे बरेच एपिसोड आधीच शूट केलेले, म्हणून डब्ल्यूसीडब्ल्यूचा बॉस एरिक बिशॉफ रॉ चे निकाल आपल्या शोवर आधीच फोडायचा.

ही खोड अंगाशी आली. ४ जानेवारी १९९९ ला कॉमेंटेटर टोनी शिवानीनं सांगून टाकलं की आज तिकडं रॉ वर मिक फोली चॅम्पियन होणार, वर टोमणा, की आता बघा कशी तिकिटं खपतात. झालं, पब्लिकनं धडाधड चॅनेल बदललं, कारण फोलीला जिंकताना बघायचंच होतं लोकांना. आणि इकडं त्याच रात्री काय, तर तुडुंब भरलेल्या जॉर्जिया डोममध्ये गोल्डबर्गची चॅम्पियन नॅशशी मॅच आहे म्हणून लोक आलेले, त्याला स्टोरीत अटक दाखवली, होगननं नॅशच्या छातीला बोट लावलं आणि हा धिप्पाड गडी धाडकन आडवा! बेल्ट होगनकडं. अरे काय चेष्टा लावलीये?

हे असं व्हायचं कारण होगनच्या काँट्रॅक्टमध्येच होतं, त्याच्या स्टोरीत काय होणार यावर त्याचा स्वतःचा कंट्रोल. मग जेरिको, एडी गरेरोसारख्यांना वर कोण येऊ देणार, ते गेले निघून. अजून गंमत म्हणजे ज्यांनी विन्सला वर काढलं ते ऑस्टिन, फोली, अंडरटेकर सगळे आधी डब्ल्यूसीडब्ल्यूतच होते, ऑस्टिनला तर १९९५ मध्ये दुखापत झालेली असताना काढून टाकलेलं. (अंडरटेकर आपल्याकडं ट्रम्प कार्डमुळं पोरांना तोंडपाठ, पण तो कधी तिकडं होता हे किती जणांना माहितीये?)

तरी कंपनी वाचली असती. बिशॉफ स्वतः इन्व्हेस्टर घेऊन ती विकत घ्यायला तयार होता, पण टर्नरची चॅनेलं जिच्या ताब्यात होती ती टाइम वॉर्नर तोवर एओएलमध्ये मर्ज झालेली आणि चॅनेलांचा नवा साहेब जेमी केलनर म्हणाला आमच्या चॅनेलवर कुस्ती नको. टीव्हीचा टाइमच नाही म्हटल्यावर घेणार काय, धोंडे? बिशॉफचे लोक मागं सरले आणि मार्च २००१ मध्ये विन्सनं ती अगदी मातीमोल भावात उचलली. २६ मार्चच्या शेवटच्या नायट्रोची सुरुवातच विन्सनं केली, टर्नरच्याच चॅनेलवर.