कुत्र्याला मायक्रोचिप बसवावी का? हरवला तर ती सापडायला मदत करते का?

गोव्यात पर्वरीला राहता, आठ महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, चिप बसवावी का आणि हरवल्यावर तो कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. चिप जरूर बसवा. पण मोबाइलवर काही दिसणार नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटरची ती काचेची नळी. आत ना बॅटरी, ना जीपीएस. स्कॅनर अगदी जवळ धरला की ती फक्त १५ आकडी नंबर सांगते. तुमचं नाव, फोन तिच्यात नसतो. ते त्या नंबरापुढे वेगळ्या नोंदणीत लिहिलेलं असतं. सगळं घोडं अडतं ते इथेच.

आम्ही डिचोलीत राहतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, नरकासुराच्या रात्री फटाक्यांना घाबरून आमचा तांबू मागच्या दाराने पळाला. गळपट्टा कुंपणाच्या तारेत अडकून तिथेच राहिला. साखळीपासून म्हापशापर्यंत आम्ही हिंडलो, दुकानांवर फोटो लावले. बाराव्या दिवशी एका शेल्टरमध्ये पोचलो, तर तिथे तांबड्या रंगाचे चार कुत्रे. त्यातला एक आमचा असावा, पण हाडं वर आलेली, पाठीवरचे केस गेलेले. आईलाही खात्री पटेना. त्याच कुत्र्याला आदल्या दिवशी आणखी एक गृहस्थ आपला म्हणून बघून गेले होते. ते खोटं बोलत नव्हते, त्यांचाही तसाच हरवला होता. शेवटी तिथल्या मुलीने स्कॅनर फिरवला. चिप मानेखालून थोडी खांद्याकडे सरकली होती, पण नंबर उमटला. लशीच्या कार्डावरचा स्टिकर समोर धरून आईने एकेक आकडा मोठ्याने वाचला. पंधराही जुळले तेव्हा ती तिथेच खाली बसली.

वाईट याचं वाटतं, की तो तिथे आठ दिवस होता. आल्या दिवशीच त्यांनी चिप वाचली होती, पण नंबरापुढे नाव नव्हतं. ज्या दवाखान्यात आम्ही चिप बसवली, त्यांनी स्टिकर चिकटवला आणि नोंदणी केलीच नाही. आम्हीही विचारलं नाही. म्हणून कळकळीने सांगते, डॉक्टरांच्या टेबलासमोर उभं राहूनच विचारा: नोंदणी कुठे होणार, कोण करणार, कोणत्या फोन नंबरवर? घरी येऊन स्वतः तपासा. सिम बदललं की तिथेही बदला. दर वर्षी लशीला न्याल तेव्हा चिप वाचून घ्या.

टोचताना दुखतं का? सुई लशीच्या सुईपेक्षा जाड असते, पण काम क्षणाचं. नसबंदी करणार असाल तर भुलीतच बसवून घेता येते. आपल्याकडे मिशन रेबीज या संस्थेचे लोक रेबीजची लस टोचून कुत्र्यांवर रंगाची खूण करतात, ती पुसली जाते. कानाचा कापलेला कोपरा नसबंदी झाली एवढंच सांगतो, घर कुणाचं ते नाही.

आणि घरातलं कुणी पोर्तुगालला जायच्या बेतात असेल आणि कुत्रा सोबत न्यायचा असेल, तर चिप रेबीजच्या लशीआधी किंवा लशीच्याच दिवशी बसलेली हवी. उलट क्रम झाला तर युरोपीय संघ ती लस मानत नाही, पुन्हा टोचावी लागते. भारतातून नेताना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि त्या नमुन्यापासून तीन महिने थांबणं आलंच. चिप आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची आहे ना, हेही तेव्हाच बघा.

गळपट्ट्यावर फोन नंबर मात्र असू द्याच. शेजाऱ्याकडे स्कॅनर नसतो. चवथीला नि दिवाळीला आम्ही आता तांबूला संध्याकाळपासूनच आतल्या खोलीत, पंखा लावून ठेवतो.